हाताला उत्तर न देणारे कुलूप: म्हापशातील एका दुकानाचा परिचय

म्हापशाच्या बाजारपेठेत कुलपे विकणारी दुकाने बरीच आहेत. बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक कुलूप तळहातावर तोलून पाहते, खोक्यावर छापलेला लिव्हरचा (किल्लीने उचलल्या जाणाऱ्या आतल्या पट्ट्यांचा) आकडा वाचते, भाव विचारते आणि कुलूप पिशवीत टाकून निघते. बाजाराच्या मागच्या गल्लीतील ज्या छोट्या दुकानाविषयी मी लिहीत आहे, तेथे विक्री या क्रमाने होत नाही. तेथे आधी विचारले जाते की दार कोणते आहे, कोयंडा कसा बसवला आहे, घर किती काळ बंद असते आणि किल्ली किती जणांच्या हातांतून जाते. कुलपाचा विषय त्यानंतर निघतो. लोकांच्या बंद घरांच्या किल्ल्यांचे काम करणाऱ्याने आपली जाहिरात करू नये, असे मालकांचे मत असल्याने त्यांच्या विनंतीवरून दुकानाचे नाव देत नाही. बाजारात किल्ल्या कापून देणाऱ्या कोणालाही विचारले, तरी कापलेले कुलूप दाखवणारे दुकान कोणते हे सांगितले जाते.

आमचे मूळ घर डिचोली तालुक्यात आहे. गोव्यातील पुष्कळ कुटुंबांप्रमाणे आमचीही माणसे पणजी, मुंबई आणि आखातात विखुरलेली असल्यामुळे हे घर चतुर्थीला आणि शिगम्याला भरते. एरवी शेजारच्या काकू येऊन देवघरात दिवा लावून जातात. अशा घरासाठी कुलूप निवडायचे म्हटले की पहिला आक्षेप हाच येतो की चोर कुलूप उघडत बसत नाही, तो पहारीने कोयंडा उखडतो. हे खरे आहे, आणि दुकानाचे मालकही तेच सर्वांत आधी सांगतात. चार स्क्रूंवर बसवलेल्या पत्र्याच्या कोयंड्याला महागडे कुलूप लावणे त्यांना पटत नाही आणि तशी विक्री ते करत नाहीत. परंतु उखडलेला कोयंडा सकाळी शेजाऱ्यांच्या नजरेला पडतो, तर हुकाने उघडून पुन्हा लावलेले कुलूप कोणालाच दिसत नाही. देवघरातली चांदीची भांडी गेल्याचे चतुर्थीला दार उघडल्यावर कळते, फोडल्याची खूण नसल्याने पंचनाम्यात लिहिण्यासारखे फारसे उरत नाही, आणि संशय मात्र विश्वासाने किल्ली सांभाळणाऱ्या माणसावर जातो. बंद घरांच्या बाबतीत न फोडता उघडल्या जाणाऱ्या कुलपाचा प्रश्न म्हणूनच वेगळा काढून विचारात घ्यावा लागतो, आणि तो तसा घेणारे दुकान माझ्या पाहण्यात हे एकच आहे.

दुकानात शिरल्यावर डाव्या हाताला कामाचे टेबल आहे आणि त्यावरील व्हाइसमध्ये नाइट लॅचचे एक पितळी सिलिंडर, एका बाजूने कापून, कायमचे धरून ठेवलेले आहे. कापलेल्या बाजूने आतली सर्व व्यवस्था उघडी दिसते: बाहेरचे स्थिर कवच, त्याच्या आत फिरणारा गाभा, आणि दोहोंतून गेलेल्या पाच उभ्या छिद्रांत प्रत्येकी दोन तुकड्यांची पिन व तिच्यावर बारीक स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की पाचही पिनांचे सांधे गाभ्याच्या कडेशी एका रेषेत येतात आणि गाभा फिरतो. चुकीच्या किल्लीने एखादी तरी पिन त्या रेषेत आडवी राहते. लायनस येल (धाकटे) यांनी १८६० च्या दशकात अमेरिकेत चपट्या किल्लीसह जिचे पेटंट घेतले, तीच ही रचना. आज पणजीतील बहुतेक सदनिकांच्या दारांवर तिचेच कोणते ना कोणते रूप असते.

मालक गिऱ्हाइकाच्या हातात एक वाकवलेली पट्टी आणि एक बारीक हूक देतात आणि कापलेल्या सिलिंडरवर स्वतः अनुभव घ्यायला सांगतात. पट्टीने गाभ्याला किंचित पीळ द्यायचा आणि हुकाने एकेक पिन उचलून पाहायची. कारखान्यात छिद्रे कितीही काळजीने पाडली तरी ती अगदी सरळ रेषेत येत नाहीत, केसाच्या अंशाने पुढे-मागे राहतातच. त्यामुळे पीळ दिल्यावर पाचही पिना एकदम अडकत नाहीत, एकच अडकते आणि बाकीच्या स्प्रिंगवर मोकळ्या हलत राहतात. ती अडकलेली पिन नेमक्या उंचीला पोचली की बोटाला बारीक टिचकी जाणवते, गाभा जेमतेम दिसेल एवढा सरकतो आणि अडकण्याची पाळी दुसऱ्या पिनेवर येते. डोळ्यांसमोर पिन दिसत असताना ती टिचकी बोटाला कळणे, हा अनुभव कितीही वाचून येणार नाही. कुलूप आपली माहिती स्वतःहून देत असते, हे त्या क्षणी हाताला पटते.

यातून निघणारा हिशेब मालकांनी टेबलावरील कागदावर मांडून दाखवला, आणि माझ्या मते या दुकानात मिळणारी सर्वांत मोलाची वस्तू तोच हिशेब आहे. समजा कुलपात ६ पिना आहेत आणि प्रत्येकीला १० वेगवेगळ्या उंच्या शक्य आहेत. तर किल्ल्यांचे प्रकार १० लाख होतात, आणि जाहिरातीत हाच आकडा अभिमानाने छापला जातो. पण तो आकडा तेव्हाच खरा, जेव्हा कुलूप संपूर्ण किल्लीलाच ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणते. कुलूप प्रत्येक पिनेविषयी स्वतंत्र उत्तर देऊ लागले, तर उघडणाऱ्यापुढे १० लाख शक्यता राहत नाहीत. ६ पिनांच्या प्रत्येकी १०, म्हणजे फार तर ६० पायऱ्या राहतात. पिना वाढवून ७ केल्या तर छापील आकडा १ कोटीवर जातो आणि उघडणाऱ्याचे काम अवघ्या १० पायऱ्यांनी वाढते. न उघडणारे कुलूप घडवण्याचा खरा प्रश्न भाग वाढवण्याचा नाही, कुलपाला तुकड्यातुकड्याने उत्तर देऊ न देण्याचा आहे.

लिव्हरच्या कुलपालाही हेच लागू पडते. गोव्यातील जुन्या घरांच्या दारांवर आणि कपाटांवर लिव्हरची कुलपे अधिक दिसतात, म्हणून मालक त्यांची रचनाही वेगळी समजावतात. १७७८ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यांनी दुहेरी कृतीच्या लिव्हरचे पेटंट घेतले, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: लिव्हर कमी उचलली तरी खीळ सरकत नाही आणि जास्त उचलली तरी सरकत नाही, प्रत्येक लिव्हरची खाच नेमक्या उंचीवर यावी लागते. १८१८ मध्ये जेरेमाया चब यांनी यात एक पाऊल पुढे टाकले. एखादी लिव्हर प्रमाणाबाहेर उचलली गेली की कुलूप स्वतःच जाम व्हावे आणि मालकाला कोणीतरी हात घातल्याचे कळावे, अशी सोय त्यांनी केली. फोडल्याची खूण न राहण्याची आमच्या घरासारखी जी अडचण आहे, तिच्यावर दोनशे वर्षांपूर्वी शोधलेला हा उपाय मला आजही फार विचारपूर्वक केलेला वाटतो.

तरीही १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने चबचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. पुढे त्यांनी जोसेफ ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत कित्येक दशके मांडून ठेवलेले, उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस जाहीर केलेले कुलूपही घेतले आणि १६ दिवसांत विभागलेल्या ५१ तासांच्या कामानंतर तेही उघडून दाखवले. ब्रामांच्या कुलपात १८ सरकपट्ट्या होत्या आणि शक्य किल्ल्यांची संख्या कोट्यवधींत जात होती. ती संख्या हॉब्ज यांना अडवू शकली नाही, कारण तेही खिळीवर ताण ठेवून एकेका पट्टीचे उत्तर स्वतंत्रपणे घेत होते. वेळ मात्र खूप लागला. येथे मालकांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली, जी मला महत्त्वाची वाटते: २५ मिनिटे आणि ५१ तास यांतला फरक हाच कुलपाचा दर्जा असतो, आणि अमुक कुलूप कधीच उघडणार नाही असे म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून काही घेऊ नये.

उत्तर लपवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पिनेचा आकार बदलणे. टेबलावरील दुसऱ्या सिलिंडरमध्ये सरळ पिनांच्या जागी मध्यभागी बारीक केलेल्या, रिळाच्या आकाराच्या पिना घातलेल्या आहेत. पीळ देऊन अशी पिन उचलली की गाभा चांगला ठळक सरकतो, कुलूप उघडल्याचा भास होतो, आणि तेथेच सगळे अडते; पिनेची बारीक कंबर रेषेत सापडलेली असते, सांधा नाही. पुढे जायचे तर पीळ सैल सोडावा लागतो, आणि तसे करताना आधी बसवलेल्या पिना खाली पडण्याची भीती असते. कडेला दाते पाडलेल्या पिना आणि लिव्हरच्या कुलपांतील खोट्या खाचा याच जातीच्या. कुलूप यात खोटे उत्तर देते, पण उत्तर देतेच. सराव असलेला हात खरे आणि खोटे यांतला फरक हळूहळू ओळखू लागतो. आपल्या घरच्या दाराला एवढे पुरे आहे, असे मालकांचे प्रामाणिक मत आहे. महागडे कुलूप घेण्याऐवजी जुन्या सिलिंडरमध्येच निदान तीन-चार पिना बदलून घ्या, असे त्यांनी आमच्यासमोर एका वृद्ध गृहस्थांना सुचवले आणि थोड्या पैशांत ते काम तेथल्या तेथे करून दिले. त्याच वेळी जुनी किल्ली बाद करून नवी बसवून घेता येते, ही सोय भाडेकरू बदललेल्या घरांसाठी फार उपयोगी आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे आडव्या पट्टीची कुलपे. अमेरिकेत १९६८ पासून मेडेको कंपनीने आणलेल्या रचनेत पिन योग्य उंचीला उचलावी लागते आणि योग्य कोनात वळावीही लागते. सगळ्या पिना वळल्याशिवाय बाजूची ही आडवी पट्टी आत जात नाही आणि गाभा फिरत नाही. परंतु मला सर्वांत अधिक वेळ थांबवले ते फिनलंडच्या चकतीच्या कुलपाने. मालकांनी अ‍ॅब्लॉय या तेथील कंपनीचे एक कुलूप केवळ अभ्यासासाठी घेऊन सुटे करून ठेवले आहे. त्यात पिना नाहीत, पिनांवरच्या स्प्रिंगाही नाहीत. एकामागे एक रचलेल्या पातळ चकत्या आहेत आणि किल्लीवरील तिरप्या कापांनी प्रत्येक चकती वेगवेगळ्या कोनात फिरते. सगळ्या चकत्यांच्या कडेवरील खाचा एका ओळीत आल्या की एक पट्टी त्या खाचांत उतरते आणि कुलूप सुटते. एमिल हेन्रिक्सन यांनी १९०७ मध्ये ही कल्पना मांडली. स्प्रिंग नसल्याने ठोका मारून पिना क्षणभर उडवण्याची युक्तीही येथे चालत नाही.

या घराण्यातील २००१ मध्ये आलेल्या प्रोटेक या प्रकारात जे केले आहे, त्यात या सगळ्या विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. साध्या चकतीच्या कुलपातही पट्टीवर दाब देऊन एकेका चकतीची चाचपणी करता येते. प्रोटेकमध्ये किल्लीने चकत्या जागेवर आणल्यावर गाभा फिरू लागतो, तेव्हा पट्टी खाचांची परीक्षा घेण्याआधी चकत्या जखडल्या जातात. म्हणजे चकत्या हलवता येतात तेव्हा पट्टी काही सांगत नाही, आणि पट्टी सांगू लागते तेव्हा चकत्या हलवता येत नाहीत. चाचपणी आणि परीक्षा या दोन क्रिया वेळेतच वेगळ्या केल्यामुळे एकेका भागाचे उत्तर काढून घेण्याचा मार्ग बुजतो आणि कागदावरचा गुणाकार पुन्हा गुणाकार राहतो. परीक्षेत सहा प्रश्नांचे गुण वेगवेगळे न सांगता केवळ उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच सांगावे, तसे हे आहे. कोणतीही चकतीची रचना तेवढी भक्कम असते असे मात्र समजू नये. खोट्या खाचा नसलेली, सैल चकत्यांची स्वस्त कुलपे बाजारात याच रूपात मिळतात आणि ती सहज उघडतात. दोन्ही शेजारी ठेवून चकत्यांच्या कडा दाखवल्यावर हा फरक समजतो.

गोव्याच्या हवेचा विचार या दुकानात जितका होतो, तितका मी अन्यत्र पाहिलेला नाही. जून ते सप्टेंबर कुलूप ओलसर हवेत राहते, आणि किनाऱ्याजवळच्या पेडणे-बार्देशच्या पट्ट्यात त्यात खारा वाराही मिसळतो. पिनेची स्प्रिंग गंजून आखडली की पिन वरच अडकून राहते. मग कुलूप एका पिनेने कमी झालेले असते आणि घरमालकाला त्याचा पत्ताही नसतो, कारण किल्ली नेहमीसारखीच चालते. म्हणून बाहेरच्या दारासाठी पितळी अंग, स्टेनलेस स्टीलची कडी, खाली पाणी निघून जाण्याचे छिद्र आणि किल्लीच्या भोकावर झाकण असलेले कुलूपच घ्यावे, असा त्यांचा आग्रह असतो. आपल्याकडे कुलपात खोबरेल सोडण्याची सवय आहे. ते धुळीशी मिसळून चिकट होते आणि पिना हळू चालू लागतात. पिनांच्या कुलपात ग्रॅफाइटची कोरडी पूड आणि चकतीच्या कुलपात पातळ मशीन तेल वापरावे, दोन्ही एकत्र कधीही घालू नयेत, ही सूचना त्यांनी कुलपाच्या खोक्यावर मराठीत लिहूनच दिली.

भारतीय कुलपांविषयी ते भेदभाव न करता बोलतात. १८९७ मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत कुलपे बनवण्यापासून आपल्या उद्योगाचा प्रारंभ केला. अलीगढचा हा धंदा देशभर प्रसिद्ध आहे आणि दिंडिगलच्या हाताने घडवलेल्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. यांतली चांगली लिव्हरची कुलपे दुकानात ठेवलेली आहेत. मात्र मी सोबत नेलेले, दुसऱ्या एका शहरातून पूर्वी घेतलेले कुलूप त्यांनी उघडून दाखवले, तेव्हा त्यातील तीन लिव्हरच्या खाचा एकाच उंचीवर असल्याचे दिसले. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता, पण त्या तिन्ही मिळून एकाच लिव्हरचे काम करत होत्या. कुलूप घेण्यापूर्वी किल्लीचे काप पाहावेत, शेजारचे काप एकमेकांपासून चांगले खोल-उथळ असावेत, हा नियम त्यातून कोणालाही वापरता येईल.

किल्लीच्या बाबतीत दुकान कडक आहे, आणि काहींना त्याचा त्रास वाटेल. मूळ किल्ली आणि ओळखपत्र असल्याशिवाय ते नक्कल कापत नाहीत, फोनवर पाठवलेल्या छायाचित्रावरून तर मुळीच नाही. याला आधार आहे: २००८ मध्ये सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळजवळ २०० फुटांवरून घेतलेल्या छायाचित्रातून किल्लीचे काप वाचून दाखवले होते. कळंगुट-बागा पट्ट्यात पाहुण्यांना घरे भाड्याने देणाऱ्यांनी स्वागताच्या छायाचित्रात किल्ली ठेवण्याचा मोह टाळावा. लॉजमालकांसाठी आणखी एक गोष्ट. सर्व खोल्या उघडणारी एक मास्टर किल्ली सोयीची असते, पण त्यासाठी प्रत्येक पिनेला दोन सांधे करावे लागतात. मॅट ब्लेझ या अमेरिकन संगणक-सुरक्षा संशोधकाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवले, की एका खोलीची किल्ली आणि तिचे कुलूप हाताशी असणारा माणूस काही कोऱ्या किल्ल्यांवर एकेक काप बदलत मास्टर किल्ली शोधून काढू शकतो. येथेही कुलूप एकेका पिनेचे स्वतंत्र उत्तर देते म्हणूनच हे शक्य होते. पेटंट असलेल्या, बाजारात कोरी न मिळणाऱ्या किल्लीचे कुलूप हा त्यावर व्यवहार्य उपाय असून तो ते मागणीनुसार मागवून देतात.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दुकान अरुंद असल्याने एका वेळी दोघांपेक्षा अधिक गिऱ्हाइके उभी राहू शकत नाहीत, आणि मालक समजावून सांगण्यात गुंतले की बाहेर वाट पाहावी लागते. आता बऱ्याच नव्या इमारतींत दिसणारी युरोपीय मापाची सिलिंडरे नेहमी शिल्लक नसतात. पावतीवर कुलपाचा नुसता प्रकार लिहिला जातो. कंपनीचे नाव व क्रमांकही लिहिला तर पुढे पिना बदलताना सोपे जाईल. विजेवर चालणाऱ्या कुलपांविषयी विचारले तर ते स्पष्टपणे दुसरीकडे पाठवतात. भाव रास्त आहेत, पण चकतीच्या परदेशी कुलपाची किंमत साध्या कुलपाच्या कितीतरी पट असते आणि ते मागवायला काही आठवडे लागतात.

आमच्या घरासाठी शेवटी असे ठरले: मुख्य दाराला, आधी भिंतीत खोलवर गेलेल्या बोल्टांचा जाड कोयंडा बसवून, चकतीचे कुलूप, मागच्या दाराला रिळाच्या पिना घातलेले सिलिंडर, आणि देवघराच्या कपाटाला पूर्वीचेच लिव्हरचे कुलूप, साफ करून. कपाटासाठी नवे घ्यायची माझी तयारी होती, पण बाहेरची दोन्ही दारे भक्कम झाल्यावर त्याची गरज नाही, असे सांगून त्यांनी ते परत दिले. काकूंच्या किल्लीवर वेगळी खूण कोरून दिली आहे.

दुकान दुपारी बाजाराबरोबर बंद होते आणि रविवारी उघडत नाही. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात घरे उघडायला आलेल्या लोकांची तेथे रीघ लागते, तेव्हा कुलूप बदलायचे असेल तर दाराची जाडी, कोयंड्याचे माप आणि जुनी किल्ली घेऊन पावसाच्या सुरुवातीलाच जावे.